व्हेराक्रिप्ट : जिनिंगच्या दप्तराला कुलूप लावण्याआधी किल्लीचं ठरवा

व्हेराक्रिप्ट हे फाइली पासवर्डच्या कुलपात बंद करणारं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर कामगारांचं दप्तर सांभाळणाऱ्या लहान कारखान्यांनी जरूर वापरावं. माझी अट एकच आहे. पासवर्ड कोणाकडे राहील आणि तो माणूस उद्या नसला तर पेटी कोण उघडेल, हे कागदावर ठरल्याशिवाय पहिली फाइलसुद्धा त्यात टाकू नये. सॉफ्टवेअरच्या मजबुतीवर लोक पुष्कळ लिहितात. या दुसऱ्या बाजूवर कोणी फारसं लिहीत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यात, राळेगावकडच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, आस्थापना बघते. हजेरी, पगार, फंड (पीएफ), अपघाताचे कागद, वारसनोंदी, सगळं माझ्याच टेबलावर. दसऱ्यानंतर कापूस यायला लागला की गेटवर माणसं वाढतात. फिटर, इलेक्ट्रिशियन, प्रेसवाले, चौकीदार ही कायमची मंडळी थोडी. रेच्यावर (सरकी काढायच्या मशिनवर) आणि गंजीवर (कापसाच्या ढिगावर) काम करणारी हंगामी माणसं भरपूर, त्यात बाया जास्त. प्रत्येकाचं आधार, पासबुकाची झेरॉक्स, फोटो, घरातल्या वारसाचं नाव, कधी दवाखान्याची चिठ्ठी. माझ्या खोलीत मापाडी येतो, गाडीवाले काटापावतीला येतात, व्यापारी चहाला बसतात. आमच्या भागात बहुतेक जिनिंगांत असंच चालतं, आणि बहुतेक ठिकाणी कॉम्प्युटरवर ‘आधार’ नावाचा उघडा फोल्डर समोरच असतो.

यात काय एवढं, असं विचारणाऱ्यांना मी पगारपत्रक दाखवते. रोजंदारीच्या पगारपत्रकावर सही न येणाऱ्यांचा अंगठा असतो. ते पान स्कॅन केलं की अंगठ्याचा ठसा फाइलमध्ये येतो. शेजारच्याच फोल्डरात त्याच बाईचा बारा अंकी आधार क्रमांक असतो आणि बँकेचं नावही. आज गावोगावी आधारवर अंगठा लावून पैसे काढता येतात. नोंदणीच्या दस्तांवरचे अंगठे उचलून, त्यांचे रबरी ठसे करून लोकांच्या खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे देशात अनेक राज्यांत नोंदले गेले आहेत. मजुरी खात्यात जमा होणाऱ्या बाईचं खातं रिकामं झालं तर तिला ते बँकेत गेल्यावरच कळेल. म्हणून माझ्या लेखी पगारपत्रकाचं स्कॅन ही आधारइतकीच जोखमीची वस्तू आहे. कामगारांनाही मी सांगत असते, आधारच्या वेबसाइटवरून किंवा मोबाइल ॲपमधून अंगठ्याची पडताळणी बंद करून ठेवता येते, लागेल तेव्हाच उघडा.

म्हणजे कुलूप हवंच. पण दुसरी बाजू तितकीच खरी आहे, आणि जिनिंगमध्ये ती जरा जास्तच खरी आहे.

हंगामी कामगाराची ग्रॅच्युइटी, म्हणजे काम सोडताना सेवेच्या हिशेबाने मिळणारी रक्कम, कशी निघते, हे बऱ्याच मालकांनाही ठाऊक नसतं. 1972 च्या कायद्याप्रमाणे बारमाही कामगाराला वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, तर हंगामी कामगाराला प्रत्येक हंगामाचा सात दिवसांचा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हा सात दिवसांचा हिशेब आहे. तो हंगाम मोजला जावा तर कारखाना जितके दिवस चालला त्याच्या किमान 75 टक्के दिवस त्या माणसाची हजेरी लागते. याचा अर्थ नीट बघा. कामगाराची हजेरी तर हवीच, पण त्या वर्षी आपले रेचे एकूण किती दिवस फिरले, याचीही नोंद हवी. ही नोंद कामगार सोडून गेला त्या दिवशी काढायची असते, आणि तो दिवस वीस हंगामांनंतरही येऊ शकतो.

फंडाचंही तसंच. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, आणि पेन्शन सुरू होते 58 व्या वर्षी. तिशीतल्या माणसाचं नाव किंवा जन्मतारीख आज चुकीची चढली तर तिचा त्रास त्याला म्हातारपणी होतो. आमच्याकडे लग्नानंतर नाव बदललेल्या बाया असतात. आधारवर सासरचं, जुन्या फंडात माहेरचं. दोन्ही नावं एकाच बाईची, हे दाखवणारा कागद आमच्याच दप्तरात सापडायला हवा. कामगार सेवेत असताना वारला तर फंडाशी जोडलेल्या विम्यातून घरच्यांना 7 लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. तेव्हा दारात त्याची बायको उभी असते आणि वारसनोंद त्याच दिवशी काढून द्यावी लागते.

आमच्या भागातल्या एका कारखान्याची गोष्ट सांगते. तिथल्या बाबूंनी सगळं दप्तर एका पासवर्डखाली बंद केलं होतं. हेतू चांगलाच होता. पुढे ते काम सोडून गेले, आणि पासवर्ड आपल्यालाच आठवत नाही म्हणाले. तिथली एक मावशी माझ्याकडे आली, काही लिहून मिळतं का बघायला. म्हणाली, “इतके हंगाम मी गंजीवर काम केलं, अन् आता हे म्हन्तेत का तुमचं नावच दिसत नाही. आता मी कोनाले विचारू?” तिचं नाव त्या फाइलीत होतं. फक्त ती फाइल जगात कोणालाच उघडत नव्हती. मी तिला फंडाचं पासबुक काढून दिलं, तेवढंच माझ्या हातात होतं. फंड कापला नव्हता त्या हंगामांचं काहीच निघालं नाही.

कायद्यानेही ही गोष्ट साफ सांगितली आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000, कलम 7: एखादा कागद ठरावीक काळ जपायला सांगितला असेल तर तो इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवला तरी चालेल, पण त्यातली माहिती पुढे लागेल तेव्हा उघडून वापरता आली पाहिजे. पासवर्ड हरवलेली फाइल या अटीत बसत नाही. तपासणीला आलेल्या साहेबांसमोर “आहे, पण उघडत नाही” म्हणणं आणि “ठेवलंच नाही” म्हणणं सारखंच.

आता सॉफ्टवेअरकडे येते. व्हेराक्रिप्ट 2013 साली आलं, ट्रूक्रिप्ट नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या आधारावर. ट्रूक्रिप्टवाल्यांनी मे 2014 मध्ये काम थांबवलं, व्हेराक्रिप्ट आजही सुधारत राहिलं आहे. त्याचा आतला कोड सगळ्यांना बघायला खुला आहे आणि 2016 मध्ये त्याची बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी होऊन अहवाल जाहीर झाला होता. एका बाबूच्या शब्दावर विश्वास ठेवण्यापेक्षा ही पद्धत मला बरी वाटते. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं. आपण ठरवू तेवढ्या आकाराची एक फाइल ते तयार करतं, तिला कंटेनर म्हणतात. पासवर्ड देऊन ती उघडली की कॉम्प्युटरमध्ये एक नवीन ड्राइव्ह दिसतो. त्यात नेहमीसारखं एक्सेल उघडा, पीडीएफ ठेवा, काम झालं की ड्राइव्ह बंद करा. बंद झाल्यावर बाहेरून बघणाऱ्याला आत किती फाइली आहेत, कोणाची नावं आहेत, काही कळत नाही.

उघडायला थोडा वेळ लागतो, जुन्या कॉम्प्युटरवर जरा जास्तच. पासवर्डवरून किल्ली तयार करताना ते मुद्दाम लाखो वेळा गणित फिरवतं, म्हणजे चोराला एकेक पासवर्ड ओळखून बघायलाही तेवढाच वेळ लागावा. गेटवर पगाराची रांग असताना हा वेळ जाणवतो. सकाळी आल्याआल्या उघडून ठेवायचं, एवढाच उपाय.

मी त्यात सगळं दप्तर एका पेटीत भरलेलं नाही, आणि तुम्हीही भरू नका. एक कंटेनर कायमचा आहे. त्यात वारसनोंदी, जन्मतारखेचे आणि नावबदलाचे पुरावे, फंडाचे क्रमांक, अपघाताचे कागद. दुसरे कंटेनर हंगामाप्रमाणे आहेत, हंगाम 2023-24, हंगाम 2024-25 असे. त्यांत त्या वर्षीच्या आधारच्या प्रती, पासबुकं, पगारपत्रकांचे अंगठ्यासकट स्कॅन. आणि तिसरी गोष्ट कुलपाच्या बाहेर आहे: सेवेचा गोषवारा. कामगाराचं नाव, गाव, आमचा टोकन नंबर, कोणत्या हंगामात किती दिवस हजेरी, कारखाना किती दिवस चालला. आधार नाही, खातं नाही, अंगठा नाही. तो छापून, शेठजींची, म्हणजे मालकांची, सही घेऊन, बांधून कपाटात ठेवलेला असतो. उद्या सगळे पासवर्ड गेले तरी मावशीसारख्या बाईला तिचे हंगाम मोजून देता येतील. कामगाराच्या हक्काला जेवढं लागतं तेवढं उघडं, आणि चोराच्या कामाचं असेल तेवढं बंद, अशी माझी वाटणी आहे.

आता या सॉफ्टवेअरचा सगळ्यात महत्त्वाचा भाग. फार थोडे लोक तो वापरतात.

व्हेराक्रिप्टमध्ये “पासवर्ड विसरलात?” असं बटण नाही. कंपनीला फोन करून उपयोग नाही, कारण त्यांच्याकडेही दुसरी किल्ली नसते. असली तर ते कुलूपच खोटं ठरलं असतं. पण हंगामी दप्तरासाठी एक सरळ वाट त्यांच्या माहितीपत्रातच दिलेली आहे. कंटेनरच्या सुरुवातीला हेडर नावाचा छोटा भाग असतो. तुमचा डेटा तुमच्या पासवर्डने थेट बंद होत नाही. तो एका मुख्य किल्लीने बंद होतो, आणि ती किल्ली हेडरमध्ये असते. खोलीची किल्ली एका छोट्या डबीत ठेवून त्या डबीला पासवर्डचं कुलूप लावावं, तसं. पासवर्ड बदलला की फक्त डबीचं कुलूप बदलतं.

म्हणून कंटेनर तयार करताना पहिला पासवर्ड शेठजींनी स्वतः टाकला. तो मला माहीत नाही, माहीत असायचं कारणही नाही. मग टूल्समध्ये जाऊन ‘बॅकअप व्हॉल्यूम हेडर’ हा पर्याय वापरून हेडरची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली. त्यानंतर शेठजींनी तो कंटेनर माझ्या हवाली केला आणि मी माझा पासवर्ड लावला. रोजचं काम माझ्या पासवर्डवर चालतं. उद्या मी आजारी पडले, काम सोडलं, माझं काही बरंवाईट झालं, तर शेठजी पेन ड्राइव्हवरचं जुनं हेडर परत बसवतील आणि त्यांच्या पहिल्या पासवर्डने दप्तर उघडेल. कोणाचीही मनधरणी करायला नको. हे हेडर परत बसवताना नेहमी कंटेनरच्या प्रतीवर बसवावं, मूळ फाइलीवर नाही, एवढी काळजी घ्या.

शेठजींचा पासवर्ड कागदावर लिहून, लिफाफ्यात घालून, लाख लावून त्यांच्या घरच्या तिजोरीत आहे. पेन ड्राइव्ह तिथे नाही, तो यवतमाळला आमच्या सीएंकडे आहे. दोन्ही एकाच ठिकाणी ठेवले तर तो सगळा उपद्व्याप वाया. पासवर्ड कागदावर लिहू नये असं बरेच शहाणे लोक सांगतात. मॉनिटरला चिकटवू नये हे मलाही मान्य. पण तीस वर्षं टिकवायच्या दप्तराचा पासवर्ड फक्त माणसाच्या डोक्यात ठेवणं मला मान्य नाही. पासवर्ड रोमन अक्षरांतच ठेवा. देवनागरी टाइप करायची सोय दुसऱ्या कॉम्प्युटरवर असेलच असं नाही, आणि नेमक्या गरजेच्या दिवशी कॉम्प्युटर दुसराच असतो. वीस अक्षरांहून मोठा ठेवावा असं माहितीपत्र सांगतं. चार-पाच साधे, एकमेकांशी संबंध नसलेले शब्द सलग लिहिले की तेवढा सहज होतो.

याच सोयीची दुसरी बाजूही समजून घ्या. पासवर्ड बदलला तरी मुख्य किल्ली तीच राहते. म्हणजे कोणी कामावर असताना हेडरची प्रत गुपचूप नेली असेल आणि त्या वेळचा पासवर्ड त्याला माहीत असेल, तर नंतर कितीही वेळा पासवर्ड बदला, कंटेनरची फाइल हाती आली की तो उघडू शकतो. म्हणून दप्तर बघणारा माणूस बदलला की नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. नवीन कंटेनर करायचा, फाइली त्यात हलवायच्या, जुना पुसायचा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण ते टाळू नये.

बॅकअपबद्दल एक बारीक गोष्ट आहे. तिच्यामुळे एखाद्याचं वर्षभराचं दप्तर जाऊ शकतं. व्हेराक्रिप्ट मुळातच असं बसवलेलं असतं की कंटेनरमध्ये काही बदललं तरी बाहेरून त्या फाइलीची तारीख बदलत नाही, आणि आकार तर ठरलेलाच असतो. बाहेरच्याला काही कळू नये म्हणून ही सोय. पण तारीख आणि आकार बघून बदललेल्या फाइली उचलणारं कोणतंही बॅकअप सॉफ्टवेअर समजतं की काहीच बदललं नाही. ते पहिल्या दिवसाची प्रत धरून बसतं आणि रोज “बॅकअप पूर्ण” असं दाखवतं. सेटिंग्जमधल्या प्रेफरन्सेसमध्ये ‘प्रिझर्व्ह मॉडिफिकेशन टाइमस्टॅम्प ऑफ फाइल कंटेनर्स’ असा चौकोन आहे. त्यातली टिकली काढून टाका. आमच्यासारख्या ठिकाणी तारीख लपवण्याची काही गरज नाही, उलट ती दिसलीच पाहिजे.

लाइन जाण्याचा प्रश्न आमच्याकडे आहेच. उघड्या कंटेनरमध्ये फाइल लिहिली जात असताना कॉम्प्युटर बंद पडला तर आतली फाइल बिघडू शकते, जशी साध्या पेन ड्राइव्हवर बिघडते. डिस्कवरचा एखादा बारीक भाग खराब झाला तर सगळं दप्तर जातं अशी भीती लोक घालतात, ती खरी नाही. माहितीपत्राप्रमाणे खराब बिटमुळे साधारण सोळा बाइटांचा तुकडाच बिघडतो. खरा धोका हेडरचा. ते गेलं तर सगळं गेलं. त्याची एक प्रत कंटेनरच्या शेवटी आपोआप असते, आणि वर सांगितलेली पेन ड्राइव्हवरची वेगळी. तरी यूपीएस चांगला ठेवा. आणि जुने पेन ड्राइव्ह फॅट-32 पद्धतीचे असतात, त्यांवर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. कंटेनरचा आकार ठरवताना हे लक्षात असू द्या. एकदा ठरवलेला आकार मागून वाढवता येतो, त्याचं वेगळं साधन सोबत मिळतं, पण त्याआधी प्रत घ्यावी.

मला हे सॉफ्टवेअर सगळ्यात जास्त पटलं ते आगीमुळे. जिनिंगमध्ये काम केलेल्याला सांगायला नको. रेच्यात दगड किंवा लोखंडाचा तुकडा गेला, ठिणगी पडली, की रुई किती वेळात पेटते. उन्हाळ्यात, वारा सुटलेला असताना, गंजीपासून ऑफिसचं अंतर ते काय. कागदी हजेरीपत्रकं, वेतनवह्या, सगळं त्याच आवारात. वाळवीचं तर नावच घेत नाही. म्हणजे प्रत आवाराबाहेर हवीच. पण उघड्या फाइलींची प्रत बाहेर ठेवायची म्हणजे शेकडो लोकांचे आधार आणि अंगठे आणखी एका घरात, आणखी एका ऑफिसात ठेवायचे. मन होत नाही. कंटेनर असेल तर ही अडचण उरत नाही. आता एक प्रत शेठजींच्या घरी, एक सीएंच्या ऑफिसात, आणि दोन्ही ठिकाणच्या कोणालाही आत काय आहे ते दिसत नाही. एन्क्रिप्शनने, म्हणजे फाइली अशा कुलपात बंद केल्याने, नोंदी जपणं अवघड होतं असं समजलं जातं. आमच्याकडे एन्क्रिप्शनमुळेच नोंदी जास्त ठिकाणी ठेवता आल्या.

जिथे ते कमी पडतं तेही सांगते. कंटेनर उघडा असताना त्यातलं सगळं उघडंच असतं. तुम्ही चहाला उठलात आणि ड्राइव्ह चालू राहिला तर कुलूप काही कामाचं नाही. काही मिनिटं काम झालं नाही किंवा स्क्रीनसेव्हर लागला तर आपोआप बंद व्हावं असं सेटिंग आहे, ते चालू करा. खंडणी मागणारा व्हायरस आला तर तो कंटेनरची फाइलही खराब करू शकतो, म्हणून एक प्रत नेहमी कॉम्प्युटरपासून तोडलेली असावी. मोबाइलसाठी त्यांचं स्वतःचं ॲप नाही. आणि जी माहिती कंटेनरमध्ये येण्याआधीच फिरली तिचं ते काही करू शकत नाही. आमच्याकडे ठेकेदार माणसांचे आधार व्हॉट्सॲपवर पाठवतात, दहा जणांच्या ग्रुपमध्ये. आता त्यांना सांगून ठेवलं आहे: कामगाराला स्वतः कागद घेऊन येऊ द्या, आणि जिथे नुसती ओळख पाहिजे तिथे शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क केलेलं आधार चालेल. सगळे ऐकतात असं नाही, पण फरक पडला आहे.

आत ठेवायच्या फाइलींचाही विचार करा. जुन्या जिनिंगांत पगाराची सॉफ्टवेअरं फॉक्सप्रोमध्ये होती, त्यांच्या फाइली आता उघडायलाच जड जातं. पासवर्ड बरोबर असून फाइल वाचता आली नाही तरी नोंद गेलीच. मी हंगाम संपला की सगळी पत्रकं पीडीएफ आणि साध्या सीएसव्हीमध्ये काढते. प्रत्येक पीडीएफचा एसएचए-256 हॅश, म्हणजे फाइलीत एक अक्षर बदललं तरी बदलणारा तिचा ओळख-आकडा, काढून बांधलेल्या गोषवाऱ्याच्या शेवटच्या पानावर छापते. 7-झिप हे फाइली बांधायचं सॉफ्टवेअर बसवलेलं असेल तर फाइलवर उजवी क्लिक करून हा आकडा मिळतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात, कलम 63 खाली, इलेक्ट्रॉनिक नोंद कोर्टात देताना जोडायच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. आधीच छापून ठेवलेला असेल तर फाइल मधल्या काळात कोणी बदलली नाही हे दाखवायला सोपं जातं, कामगारालाही आणि कारखान्यालाही.

आणि पुसणं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले; त्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू होतात. माहिती वाजवी काळजीने सुरक्षित ठेवा, नाही तर दंड 250 कोटींपर्यंत, हे सगळ्यांनी ऐकलं. त्याच कायद्यात आणखी एक वाक्य आहे: काम संपल्यावर, आणि दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितलं नसेल तर, माहिती पुसा. एकाच मोठ्या पेटीतून एका हंगामाच्या आधारच्या प्रती शोधून पुसणं कोणाच्याने होणार नाही. हंगामाप्रमाणे कंटेनर केल्याचा खरा फायदा इथे होतो. 1936 च्या वेतन प्रदान कायद्यात वेतनाच्या नोंदवह्या शेवटच्या नोंदीनंतर तीन वर्षं ठेवायच्या होत्या, इतर कायद्यांची मुदत वेगळी. आमच्या सीएंनी आणि फंडाच्या सल्लागारांनी मिळून सगळ्यात लांब मुदत धरून दिली आहे. ती संपली की त्या हंगामाचा कंटेनर, त्याच्या सगळ्या प्रती आणि त्याचं हेडर एकदमच पुसायचं, आणि पुसल्याची नोंद वहीत शेठजींच्या सहीने करायची. सेवेचा गोषवारा आणि कायमचा कंटेनर मात्र राहतो. एखाद्याचा दावा किंवा अपघाताचं प्रकरण चालू असेल तर तो हंगाम पुसायचा नाही, हे त्या वहीच्या पहिल्या पानावरच लिहिलं आहे.

दुसरे पर्याय थोडक्यात. एक्सेलच्या शीटला लावलेलं ‘प्रोटेक्ट’ हे एन्क्रिप्शन नाही, त्यावर विसंबू नका. फाइल उघडतानाच पासवर्ड मागणारं एन्क्रिप्शन वेगळं, ते बरं असतं. विंडोज प्रोमधलं बिटलॉकर संपूर्ण डिस्क बंद करतं, लॅपटॉप चोरीला गेला तर उत्तम, आणि त्याची 48 अंकी रिकव्हरी की छापून ठेवता येते. पण होम आवृत्तीत ते पूर्ण मिळत नाही, आणि पेन ड्राइव्हवरून सीएंकडे प्रत न्यायची असेल तर कंटेनरच सोयीचा. 7-झिपने पासवर्ड लावून बांधलेली फाइल एखाद्या वेळी कागद पाठवायला चांगली, त्यात फाइलींची नावंही लपवता येतात. रोज उघडझाक करायच्या दप्तराला नाही.

ज्यांच्याकडे दप्तर बघणारा एकच माणूस आहे आणि मालक त्यात अजिबात लक्ष घालायला तयार नाहीत, त्यांनी व्हेराक्रिप्ट घेऊ नये असंच मी सांगेन. त्यांनी आधारच्या प्रती कमी ठेवाव्या, कागद कपाटात बंद करावे आणि सेवेचा गोषवारा दरवर्षी छापावा. पण मालक अर्धा तास बसायला तयार असतील तर डाउनलोड फक्त अधिकृत वेबसाइटवरून करा, आधी खोट्या नावांचा एक छोटा कंटेनर बनवा, आणि हेडर घेणं, पासवर्ड बदलणं, हेडर परत बसवणं हे सगळं त्यावर करून बघा. आमच्याकडे रेचे बंद झाले की, कापूस संपून मशिनांची दुरुस्ती निघते तेव्हा, शेठजी त्यांचा लिफाफा घेऊन येतात, सीएंकडून पेन ड्राइव्ह मागवतात आणि माझ्या पासवर्डशिवाय, दुसऱ्या कॉम्प्युटरवर, कंटेनरच्या प्रतीतून कोणत्याही एका कामगाराची वारसनोंद काढून दाखवतात. मग नवा लिफाफा, नवी लाख.